ओवाळून टाकलेली नाणी

संपादकांचे पत्र यंदा श्रावणातच आले. दिवाळी अंकासाठी तुमच्याकडून समीक्षा हवी, असे त्यात लिहिले होते. समीक्षा कशाची, हे मात्र त्यांनी माझ्यावर सोपवले होते. स्वतः चार कादंबऱ्या लिहून बसलेल्या माणसाला समीक्षा हे काय संकट असते ते सांगायला नको. दुसऱ्याच्या कादंबरीविषयी बरे लिहावे, तर 'आणखी दोन पाने लिहायला काय हरकत होती?' ही त्याची तक्रार; वाईट लिहावे, तर एक मित्र कायमचा जातो; आणि काहीच लिहू नये, तर 'आमची साधी दखल घेतली नाही' म्हणून तो जातोच, शिवाय जाताना आणखी दोघांना बरोबर घेऊन जातो. तेव्हा ज्याला प्रकाशक नाही, भाऊबंद नाहीत आणि जो संमेलनाच्या मांडवात अचानक समोर येऊन उभा राहणार नाही, असा विषय मी शोधत होतो. तो मला माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सापडला.

डबा बिस्किटांचा आहे. त्याच्या झाकणावर बग्गीत बसलेली एक मडमीण आहे आणि गेली साठ-सत्तर वर्षे ती कुठेही पोचलेली नाही. आजीने या डब्यात जुनी नाणी टाकायला सुरुवात केली, वडिलांनी ती परंपरा चालवली आणि शाळकरी वयापासून मीही त्यात भर घालत आलो. धनत्रयोदशीला डबा खाली उतरतो, लक्ष्मीपूजनाला त्यातली मूठभर नाणी चौरंगावर मांडली जातात आणि भाऊबीज झाली की डबा पुन्हा माळ्यावर जातो. या डब्यात आपल्या लेकीच्या शिक्षणाची तजवीज आहे, अशी माझी इतक्या वर्षांची प्रामाणिक समजूत होती. तीन वर्षांपूर्वी पुण्यात जुन्या नाण्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा डबा मांडीवर घेऊन मी एस. टी.त बसलो. शेजारच्या प्रवाशाने 'लाडू का?' असे विचारताच मी तो पोटाशी अधिकच घट्ट धरला.

प्रदर्शनातल्या एका व्यापाऱ्याने हिरव्या मखमलीवर डबा उपडा केला आणि डोळ्याला भिंग लावले. शाळेत चाचणीचे पेपर ज्या वेगाने तपासले जातात (पालकांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे) त्या वेगाने त्याने सारी नाणी चाळली. मग भिंग उतरवून तो म्हणाला, "गुरुजी, डबा देणार असाल तर पाचशे रुपये देतो. आतला माल किलोवर जाईल."

'किलोवर' हा शब्द मराठी कादंबरीकाराला नवा नसतो. रद्दीवाल्याच्या तोंडून तो आम्ही अधूनमधून ऐकत असतो. पण नाण्यांच्या बाबतीत तो जिव्हारी लागला. मी डबा आणि माल दोन्ही घेऊन परत आलो. तेव्हापासून जिथे प्रदर्शन असेल तिथे जाऊन, संग्राहकांना पिडून, मिळेल ते वाचून मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे: या मंडळींना नको असलेली नाणी कोणती, आणि ती का नको असतात? पुढील समीक्षा त्यातूनच उतरली आहे.

प्रथम या रसिकांचे रसशास्त्र समजून घेतले पाहिजे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाचा नवा रुपया निघाला. बादशहाच्या झग्यावर एका बहुमानाची साखळी होती आणि त्या साखळीत एक इवलासा हत्ती होता. कोरणाऱ्याचा हात असा काही चालला, की तो हत्ती लोकांना डुक्कर दिसू लागला. मुसलमान प्रजेत कुजबूज सुरू झाली, सरकार घाबरले, रुपया मागे घेतला आणि १९१२ च्या रुपयावर त्या हत्तीला नीट सोंड देण्यात आली. आता गंमत पाहा. ज्या रुपयाला त्या काळी लोकांनी हात लावायला नको म्हटले, तो आज संग्राहकांना हवाहवासा वाटतो. आणि सोंडवाला, सभ्य, सर्वांनी वापरलेला रुपया त्यांना चांदीच्या भावाने पुरतो. म्हणजे प्रजेने नाकारले ते संग्राहकाला हवे आणि प्रजेने आपले मानले ते नको! हे सूत्र हाती आल्यावर माझ्या डब्याचा उलगडा झटकन होऊ लागला. आमचे घराणे मुळातच सर्वांनी वापरलेल्या वस्तू वापरणारे.

डब्यात तळाशी होत्या बावीस शिवराया. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला आणि स्वतःच्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन दुर्मिळ, त्याचे दर्शन काचेपलीकडून घ्यावे. शिवराई मात्र महाराजांच्या मागेही, छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या अमलात, ठिकठिकाणच्या टांकसाळींतून इतकी पाडली गेली, की पेशवाई बुडाली तरी ती बुडाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती आमच्या बाजारांत चालत होती. माझ्या बावीसही 'दुदांडी' निघाल्या, म्हणजे मागच्या बाजूला मजकुराच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असलेल्या, उत्तरकाळातल्या. "महाराजांचा हात या नाण्याला लागला असेल," असे मी व्यापाऱ्याला गहिवरून म्हणालो, तर तो म्हणाला, "गुरुजी, महाराज गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी पाडलेली आहेत ही."

समीक्षक म्हणून मला शिवराईविषयी निराळेच म्हणायचे आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच मजकूर. ना चेहरा, ना सिंह, ना मुकुट. एवढ्या थोड्या अक्षरांत एवढा मोठा आशय मराठीत फार जणांना साधलेला नाही. पण शुद्धलेखन? परमेश्वरा! कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे वेलांटी पुढची मागे, तर कुठे अर्धे अक्षर नाण्याच्या कडेवरून खाली पडलेले. एके रविवारी मी बावीसही शिवराया टेबलावर मांडून लाल पेन्सिलीने चुकांची यादी केली. सौभाग्यवतीने ती पाहून विचारले, "कुठली इयत्ता?" मी निमूटपणे पेन्सिल खाली ठेवली. ज्या हाताने ही अक्षरे कोरली त्याला लिहायला शिकवणारे कोणी नव्हते, आणि ज्या हातांतून ती फिरली त्यांना वाचायला शिकवणारे कोणी नव्हते. तरीही भाजीवाल्या बाईने तिची बेरीज कधी चुकवली नसणार.

शिवराईच्या वरच्या थरात कंपनी सरकारचा पाव आणा होता, साल १८३५. दोन सिंह निशाणे धरून उभे आहेत आणि खाली लॅटिन भाषेत बोधवाक्य आहे. आपल्या कुणब्याने लॅटिन वाचावे अशी कंपनीची अपेक्षा होती की काय नकळे. हा पाव आणा इतका पाडला गेला, की जुन्या घराची भिंत पाडली तरी दोन-चार हाती लागतात. संग्राहक तो भेट म्हणून देतात आणि ज्याला मिळतो तो पुढच्या भेटीला दुसऱ्याला देतो. लग्नातल्या घड्याळांसारखे त्याचे भ्रमण चालू असते.

त्याच्याच शेजारी व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया. हा पाहून मी प्रथम हुरळलो होतो. पुढे समजले, की १८६२ हे साल टांकसाळीने १८७४ पर्यंत रुपयावर तसेच ठेवले होते. म्हणजे बारा-तेरा वर्षे नवीनवी आवृत्ती निघत होती आणि प्रत्येकीवर 'पहिली आवृत्ती' असेच छापले जात होते! आमचे प्रकाशक नेमके उलट करतात; पहिल्या हजारातल्या निम्म्या प्रती गोदामात पडून असताना दुसऱ्या आवृत्तीचा कागद वर चढवतात. व्हिक्टोरियाबाईंच्या रुपयावर कुठे किती बारीक ठिपके आहेत ते मोजून संग्राहक आता त्यांतले भेद शोधत बसतात. विवेचक अभ्यासाबद्दल मला आदर आहे; पण रुपया हाती घेऊन त्याचे ठिपके मोजणारा माणूस पाहिला की मला काही पीएच. डी.चे प्रबंध आठवतात.

भोकाचा पैसा सगळ्यांना ठाऊक असतो. महायुद्धामुळे धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून सरकारने पैशाला मधोमध भले मोठे भोक पाडले. बाजारात वायसर घ्यायला जावे तर तो पैशाहून महाग पडे, म्हणून लोक पैसाच वायसर म्हणून बसवत, असे वडील सांगत. आमच्या जुन्या पाटाच्या एका खिळ्याखाली असा एक पैसा खरोखरच होता. राजाचा मुकुट वर आणि त्यावर खिळ्याचा माथा! राज्य गेल्यावर मुकुटाचा इतका सदुपयोग कुठल्या राज्यकर्त्याने पाहिला नसेल. अशा नाण्याला किंमत काय? शून्य. चेपलेले, गंजलेले, वर खिळ्याचा वण.

मग आला नया पैसा. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचे शंभर नये पैसे झाले. (तारीख कोणी निवडली कोण जाणे!) एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. या एका जादा पैशावरून आमच्या गावच्या बाजारात किती भांडणे झाली, ते आजी मरेपर्यंत सांगत होती. 'नया' हे विशेषण १९६४ मध्ये गळले. सात वर्षे नवेपण टिकले, म्हणजे बऱ्याच साहित्यप्रवाहांहून अधिक टिकले म्हणायचे. त्यानंतरची अॅल्युमिनियमची नाणी ही माझ्या पिढीची. चौकोनी एक पैसा, षट्कोनी तीन पैसे आणि कंगोऱ्यांचे दहा पैसे. एक पैसा वाटीतल्या पाण्यावर अलगद ठेवला तर तो तरंगे, आणि आमच्या मास्तरांनी पृष्ठताण शिकवला तो त्याच्यावरच. एवढी विद्वत्ता अंगी असूनही ही नाणी कुणाला नको आहेत. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून गेली, तेव्हा बँकेत जाऊन ती बदलून घ्यायचे माझ्या मनातच राहिले. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात. ते तुम्ही किराणावाल्यापुढे ठेवून पाहा. तो रिझर्व्ह बँकेपेक्षा मोठा समीक्षक आहे. मध्यंतरी दहा रुपयांच्या नाण्यावर किरणे दहा हवीत की पंधरा, यावरून लोकांनी नाणे घ्यायचेच सोडले होते. शेवटी २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की चौदा प्रकारचे छाप आहेत आणि सगळे खरे आहेत.

आता प्रचारकी वाङ्मयाकडे वळतो. १९७० च्या दशकात सरकारने नाण्यांवर उपदेश छापायला सुरुवात केली. १९७३ मध्ये अधिक धान्य पिकवा. १९७४ मध्ये कुटुंब नियोजन करा म्हणजे सर्वांना अन्न मिळेल. हा दुसरा उपदेश दहा पैशांच्या नाण्यावर होता आणि पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावरही. एकाच काव्याची एक लोकआवृत्ती आणि एक राजआवृत्ती! राजआवृत्ती विकत घेणाऱ्याने ती पेटीत ठेवली. ती कधी कुणाच्या हातात पडली नाही, त्यामुळे तिचा उपदेशही कुणी ऐकला नाही. लोकआवृत्ती बैलबाजारात, यात्रेत, तमाशाच्या तंबूत फिरली. दहा पैशांचे ते नाणे घेऊन आमच्या वर्गातली पोरे लेमनच्या गोळ्या आणत. माझ्या वर्गातला एक मुलगा सात भावंडांतला होता. त्याच्या हातात मी ते नाणे पाहिलेले आहे. आज संग्राहकाला लोकआवृत्ती नको असते. राजआवृत्तीला थोडी किंमत येते. माझे मत याच्या उलट आहे. जे वाङ्मय वाचले गेले त्याचा विचार आधी व्हावा.

टांकसाळ अलीकडे मखमली पेटीत घालून जी स्मरणनाणी विकते, ती तर मला गौरवग्रंथांसारखी वाटतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून हजार रुपयांचे नाणे. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या निमित्ताने पंचाहत्तर रुपयांचे. अशा नाण्याने कुणी कोथिंबिरीची जुडी घेतली आहे काय? गौरवग्रंथ जसा ज्याचा गौरव असतो त्याच्याच घरी धूळ खातो, तसे हे नाणे घेणाऱ्याच्याच कपाटात राहते. हौसेने आगाऊ पैसे भरून पेट्या घेतलेले दोन-तीन संग्राहक मला भेटले. ते आता एकमेकांनाच विकायला बघतात. छाप सुरेख असतो, हे मान्य केले पाहिजे.

येथवर मी संग्राहकांची थट्टा केली. पण डब्यातल्या ज्या नाण्यांवर व्यापाऱ्याने सर्वांत जास्त नाक मुरडले, त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात जरा जड होतो. ती होती धुतलेली नाणी आणि डाक लावलेली नाणी.

संग्राहकाच्या धर्मशास्त्रात नाणे धुणे हे महापाप आहे. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळसर रंग हे त्याचे तेज. तो गेला की नाण्याचा भाव गेला. आता आमच्या घरात गेली तीन पिढ्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काय चालत आले आहे? चिंच भिजवायची, तिच्यात चिमूटभर मीठ टाकायचे आणि एकेक नाणे लालबुंद होईपर्यंत घासायचे. अलीकडे चिंचेच्या जोडीला पितांबरी आली. मग दुधाने स्नान, मग हळदीकुंकू. त्या हळदीने शिवराईच्या अक्षरांच्या खाचा अशा भरल्या आहेत, की 'श्री' तेवढा पिवळा उठून दिसतो. व्यापारी म्हणाला, "कुणी हो मारून टाकली ही नाणी?" मी काय सांगणार? आजीने. दरवर्षी. भक्तिभावाने.

आणि तो राणीचा १८६२ चा रुपया? त्याच्या माथ्यावर सोनाराने कडी बसवली होती. आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो होता. पुढे आजोबांच्या आजारपणात गळ्यातले बाकीचे गेले, आणि हा राहिला तोही कडी काढून. ती कडी चांदीची होती, तेवढीच विकली. आमच्या घरात अशा नाण्याला 'डाग' म्हणत, म्हणजे दागिना. संग्राहकही त्याला डागच म्हणतो. शब्द एकच, पण एकाच्या तोंडी त्याने छाती फुगते आणि दुसऱ्याच्या तोंडी नाक मुरडते.

गळ्यात राहून, घामाने, बोटांच्या चाळ्याने राणीचे नाक झिजून सपाट झाले आहे. झीज हा तर संग्राहकाचा खरा शत्रू. टांकसाळीतून निघून थेट पाकिटात गेलेले, एकदाही न वापरलेले नाणे त्याला सर्वांत प्रिय. जितके हात लागले तितका भाव उतरला. या मताविरुद्ध माझ्यासारख्याने बोलून कोण ऐकणार? पण सुदैवाने माझ्या बाजूने साक्ष द्यायला एक फार मोठा माणूस आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. आहत नाणी म्हणजे ठसे उमटवलेले चांदीचे ओबडधोबड तुकडे. त्यांवर ना सन, ना राजाचे नाव. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींनी विचार केला, की नाणे जितके अधिक फिरले तितके ते झिजले असणार, आणि जितके झिजले तितके हलके झाले असणार. हा विचार खरा की खोटा हे पडताळण्यासाठी त्यांनी चालू बाजारातली, आपल्या-तुपल्या खिशातली हजारो नाणी गोळा करून वजन केली. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतल्या नाण्यांच्या मागच्या बाजूचे लहान ठसे मोजले आणि दाखवून दिले, की ते ठसे जसे वाढत जातात तसे नाण्यांचे वजन उतरत जाते. झिजेचे असे गणित मांडून त्यांनी त्या मुक्या तुकड्यांकडून इतिहास वदवून घेतला. १९४० च्या सुमारास कुठल्याशा दुकानदाराने या प्राध्यापकाला सुट्ट्या पैशांची थैली उसनी देताना काय विचार केला असेल, हे चित्र मी कधीकधी मनाशी रंगवतो. सुट्टे मागणारे पुष्कळ येतात. ते मोजायच्या ऐवजी तोलून परत करणारा एखादाच. आजीच्या गळ्यातला तो रुपया मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन तोलला. पाडताना रुपयाचे वजन असे एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून किंचित अधिक. डाकाचा वण वर शिल्लक असूनही आमचा रुपया त्याहून हलका भरला. जे कमी भरले ते आजीच्या पदराला, मानेला, बोटांना लागून गेले.

एवढे सारे संग्राहकांच्या विरुद्ध लिहिले. आता एका बाबतीत मी त्यांच्या पायाशी बसायला तयार आहे. ते नाणे माझ्या डब्यात नव्हते. ते शेजारच्या मावशींच्या देवघरात होते.

पिवळे, जाड, एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८. असे नाणे संग्राहकाच्या टेबलावर ठेवले तर तो हातसुद्धा लावत नाही. कारण असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. मद्रासेकडे कंपनीने विष्णूच्या छापाची सोन्याची नाणी पाडली आहेत, हे खरे. पण रामपंचायतनाचा आणा नाही. ब्रिटिश अमलात एक आण्याचे स्वतंत्र नाणे चालू झाले तेच मुळी १९०६ च्या कायद्यानंतर, निकेलमिश्रित आणि कंगोऱ्यांचे. बरे, सालही कोणते निवडले आहे? ज्या वर्षी कंपनीने पेशवाई बुडवली त्याच वर्षी तिला रामाची भक्ती सुचली! या पितळी चकत्या यात्रेच्या ठिकाणी विकल्या गेल्या, लोकांनी त्या श्रद्धेने देवात ठेवल्या. तिथपर्यंत कुणाचे काही बिघडले नव्हते. पण पुढे कुणीतरी उठवले, की हे नाणे तांदळाचे दाणे ओढून घेते आणि त्याचे परदेशात कोटी रुपये येतात. त्यातून फसवणुकीचा एक धंदाच उभा राहिला आहे.

मावशींच्या नातवाने मोबाईलवर अशी चित्रफीत पाहिली. मावशींनी एका रात्री नाण्याभोवती तांदूळ मांडून पाहिले. सकाळी दाणे खरोखरच कमी झाले होते. मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत होती. पण मावशींनी ती शुभशकुनात धरली. नंबरावर फोन झाला. पलीकडच्या सद्गृहस्थाने पंचवीस लाख देऊ केले आणि 'नोंदणी'साठी एकवीसशे रुपये मागितले. ते गेले. मग 'करा'चे साडेपंधरा हजार मागितले. त्यासाठी बचत गटातून कर्ज काढायच्या आदल्या संध्याकाळी मावशी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या.

मी अर्ज लिहिला नाही. नाणे कसे खोटे आहे ते सगळे सांगितले. जुनी नाणी विकत घेतो म्हणून शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले होते, तेही वाचून दाखवले. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या डब्याला पुण्यात कोणी विचारलं नाही, म्हणून आमच्या नाण्यालाही खोटं म्हणता होय?"

माझ्या कादंबऱ्यांवर कडक परीक्षणे आली आहेत, पण इतके लागलेले मला आठवत नाही. आणि लागले, कारण त्यात थोडे खरे होते. डबा उपडा झाल्यापासून मी कुणाच्याही जुन्या नाण्याकडे बघताना मनातल्या मनात 'किलोवर' म्हणू लागलो होतो. मावशींनी कर्ज काढले नाही. पण दीड महिना आमच्या दारावरून जाताना त्या पलीकडच्या कडेने जात. सौभाग्यवतीने पाठवलेली पुरणपोळी ताटासकट परत आली.

नवरात्रात एक दिवस त्या आल्या. पदराच्या गाठीतून नाणे काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"तो माणूस फोन उचलत नाही आता," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, हे देवात ठेवावं का नाही?"

"ठेवा की," मी म्हटले.

"पण खोटं आहे ना?"

"नाणं खोटं आहे, मावशी. राम काही..."

"तेवढं मला कळतं हो, गुरुजी." त्यांनी नाणे उचलून उजेडात धरले. दीड महिना कपाटात पडून ते काळवंडले होते. "एकवीसशे रुपयांना पडला हा राम मला," त्या म्हणाल्या, आणि सौभाग्यवतीकडे चिंच मागायला आत गेल्या.